शाळकरी वयातील बातमीदारी

१. पालक विचारतात तो प्रश्न

दहावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीचे प्रवेश पार पडून वर्ग भरेपर्यंत पावसाळा सुरू झालेला असतो. या मोकळ्या काळात, लिहिण्याची आणि आजूबाजूच्या घडामोडींची ओढ असलेल्या मुलामुलींचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात: इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना कंपनीत इंटर्नशिप मिळते, तशी शाळेतल्या मुलाला वर्तमानपत्रात किंवा वृत्तवाहिनीत मिळेल का? पिंपरी, भोसरी, तळवडे आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न अधिकच स्वाभाविक आहे, कारण येथील असंख्य घरांत कोणीतरी आयटीआय करून, मग ट्रेनी म्हणून हाताखाली उभे राहून काम शिकलेले असते आणि काम कामावरच शिकायचे असते ही गोष्ट या घरांना वेगळी सांगावी लागत नाही.

इंटर्नशिप म्हणजे एखाद्या व्यवसायात ठरावीक काळ, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष काम करत शिकणे. उन्हाळी कार्यक्रम त्याहून वेगळा असतो. त्यात एखादी शाळा, विद्यापीठ किंवा संस्था विद्यार्थ्यांचा गट जमवते, त्यांना काही दिवस किंवा आठवडे शिकवते आणि शेवटी त्यांच्याकडून एखादे काम पुरे करून घेते. यांपैकी पहिली गोष्ट, म्हणजे शाळकरी वयासाठी वृत्तपत्राच्या कचेरीतील नियमित इंटर्नशिप, आपल्याकडे जवळजवळ नाहीच. दुसरी मात्र कोणत्याही चांगल्या शाळेला उभी करता येण्यासारखी आहे, आणि शाळकरी वयात खरा उपयोग तिचाच जास्त होतो. हे असे का, ते पाहण्यासाठी आधी वृत्तपत्राच्या कचेरीत डोकावावे लागते.

२. कचेरीचे घड्याळ

वृत्तपत्रातील बातमीदाराला एक ‘बीट’ नेमून दिलेले असते. बीट म्हणजे ज्या विषयाच्या किंवा भागाच्या बातम्या आणणे ही त्याची जबाबदारी असते ते क्षेत्र. महापालिका, पोलीस, शिक्षण, न्यायालय, उद्योग अशी बीट असतात. दिवसभर तो या क्षेत्रात हिंडतो, माणसांना भेटतो, कागद मिळवतो आणि संध्याकाळी बातमी लिहून देतो. ती बातमी मग ‘डेस्क’वर, म्हणजे उपसंपादकांच्या टेबलावर जाते. तिथे तिची भाषा सुधारली जाते, शंका विचारल्या जातात, मथळा दिला जातो आणि पानावरची तिची जागा ठरते. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती आधी छापायला सुटते आणि शहर आवृत्तीची पाने मध्यरात्रीच्या सुमाराला लागतात.

यावरून शाळकरी मुलाची अडचण ध्यानात येते. ज्या वेळी कचेरी मुलाला शिकवू शकेल अशी भरलेली असते, ती वेळ रात्रीची असते, आणि ज्या वेळी मूल तिथे जाऊ शकते, त्या वेळी बातमीदार बाहेर असतो. त्यातच अल्पवयीन मुलाची जबाबदारी कोणी घ्यायची, त्याला अपघाताच्या किंवा गुन्ह्याच्या ठिकाणी न्यायचे का, हे प्रश्न संपादकापुढे उभे राहतात. त्यामुळे वृत्तपत्रांच्या इंटर्नशिप पत्रकारितेचे रीतसर शिक्षण घेणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडे जातात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ पासून असे विद्यार्थी घडवत आला आहे. शाळेतल्या मुलाला कचेरीने जागा दिली नाही, तर त्यात संपादकाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही.

तालुक्याच्या ठिकाणचे चित्र आणखी वेगळे असते. खेड किंवा मावळातील वार्ताहर अनेकदा पूर्णवेळ नोकर नसतो. त्याला मानधन थोडे मिळते आणि उपजीविकेसाठी तो दुसरा व्यवसाय करत असतो. काही ठिकाणी जाहिराती मिळवण्याची अपेक्षाही त्याच्याकडूनच असते. पत्रकार व्हायची इच्छा धरणाऱ्या मुलाला हे वास्तव पंधराव्या वर्षी कळलेले बरे, कारण बातमी आणि जाहिरात एकाच माणसाच्या हातात आली की बातमीवर काय ताण पडतो, हे समजणे हा या व्यवसायाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

३. अमेरिकेतील शाळा आणि अमळनेरचे हस्तलिखित

शाळकरी पत्रकारितेची सर्वांत भरभक्कम व्यवस्था अमेरिकेत आहे, कारण तिथे शाळेचे स्वतःचे वृत्तपत्र ही जुनी रीत आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शालेय नियतकालिकांची संघटना १९२५ मध्ये स्थापन झाली. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी पत्रकारितेचा उन्हाळी वर्ग १९३० च्या दशकापासून भरतो. असे अनेक वर्ग महागडे असतात आणि त्यामुळे सुखवस्तू घरांतलीच मुले पत्रकारितेत पुढे येतात, ही उणीव लक्षात आल्यावर प्रिन्स्टन विद्यापीठात २००२ मध्ये अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांसाठी विनाशुल्क उन्हाळी कार्यक्रम सुरू झाला. शुल्काचा हा मुद्दा पिंपरी-चिंचवडसारख्या कामगारांच्या शहरासाठी फार महत्त्वाचा आहे. ज्या घरातली बातमी कोणी लिहीत नाही, त्याच घरातले मूल शुल्कापायी बाहेर राहिले, तर कार्यक्रमाचा हेतूच हरवतो.

महाराष्ट्राचा या परंपरेशी अगदीच संबंध नाही असे मात्र नाही. डॉ. ना. भि. परुळेकर यांचे उच्च शिक्षण याच कोलंबिया विद्यापीठात झाले आणि परतल्यावर त्यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. स्थानिक बातमीला मराठी दैनिकात मानाची जागा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. वयाच्या बाबतीतही मराठी पत्रकारितेचा आरंभ तरुण आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले तेव्हा ते जेमतेम विशीत होते, आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला तेव्हा टिळक व आगरकर दोघेही चोवीस वर्षांचे होते.

शाळेच्या अंगणातील सर्वांत सुंदर उदाहरण अमळनेरचे आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तिथे त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले आणि पुढे ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले. छापखाना नाही, जाहिरात नाही, वाचक म्हणजे वसतिगृहातील मुले, तरीही रोज काहीतरी लिहून वाचकांपुढे ठेवायचे, ही शिस्त त्या दैनिकात होती. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू करणारा संपादक त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी मुलांसाठी हाताने दैनिक लिहीत होता, ही गोष्ट शाळांनी विसरता कामा नये.

आज मराठी शाळांत हस्तलिखित आणि भित्तिपत्रक, म्हणजे भिंतीवर लावायचे वृत्तपत्र, ही दोन्ही रूपे टिकून आहेत, पण त्यांत कविता, सुविचार आणि थोरांची चरित्रे जास्त असतात. बातमी क्वचितच असते. दुसरीकडे दहावीच्या मराठीच्या परीक्षेत बातमीलेखन हा गुणांचा प्रश्न आहे आणि बारावीच्या ‘युवकभारती’त मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल व वृत्तलेख हे घटक आहेत. म्हणजे बातमीचा आकार मुलांना ठाऊक असतो. परंतु परीक्षेतील बातमीत प्रसंग दिलेला असतो, पाहुण्यांचे नाव कल्पनेने घालता येते आणि कोणी खोडून काढायला येत नाही. खऱ्या बातमीत यातले काहीच चालत नाही, आणि नेमका हा फरक शिकवणे हेच उन्हाळी कार्यक्रमाचे काम आहे.

४. एक नमुना: दिवसाआड येणारे पाणी

पिंपरी-चिंचवड शहरात २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा चालू आहे. हा विषय प्रत्येक घराला माहीत असल्यामुळे शिकाऊ बातमीदाराला तो सोपा वाटतो आणि तो पहिले वाक्य असे लिहितो: ‘परिसरात भीषण पाणीटंचाई असून नागरिक हैराण झाले आहेत.’ या वाक्यात एकही तपासता येण्यासारखी गोष्ट नाही. भीषण म्हणजे किती, परिसर कोणता, हैराण झालेले कोण, याचे उत्तर मिळत नाही. बातमीदारी येथून पुढे सुरू होते.

पहिले पाऊल मोजण्याचे. समजा एका सोसायटीत १२० सदनिका आहेत आणि घरटी सरासरी चार माणसे धरली, तर रहिवासी ४८० झाले. मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेतील प्रमाण माणशी रोज १३५ लिटर असे आहे. त्या हिशेबाने सोसायटीची रोजची गरज ६४,८०० लिटर येते. विद्यार्थ्याने दोन आठवडे सोसायटीच्या मीटरचे आकडे वहीत टिपले आणि एका पाळीला सरासरी ८०,००० लिटर पाणी येते असे दिसले, तर ते दोन दिवसांचे पाणी असल्याने रोजचे ४०,००० लिटर, म्हणजे माणशी सुमारे ८३ लिटर झाले. रोज २४,८०० लिटर कमी पडतात, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या जवळजवळ अडीच खेपा. आता वाक्य असे लिहिता येते: ‘या सोसायटीतील ४८० रहिवाशांना महापालिकेच्या नळातून माणशी रोज ८३ लिटर पाणी मिळते, प्रमाण १३५ लिटरचे आहे.’ हे वाक्य आवाज चढवत नाही, पण ते खोडायचे तर समोरच्याला दुसरा आकडा आणावा लागतो.

दुसरे पाऊल पडताळणीचे, म्हणजे हाती आलेली गोष्ट दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने खरी आहे का ते पाहण्याचे. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर उतरलेला जॉब कारागिराच्या नजरेला कितीही चोख वाटला, तरी व्हर्नियरने मोजून, ड्रॉइंगशी ताडून पाहिल्याशिवाय तो पुढे जात नाही आणि मोजणारा माणूस शक्यतो करणाऱ्याहून वेगळा असतो. बातमीतही तसेच आहे. मीटर चालू आहे का, दोन आठवड्यांत एखादी दुरुस्ती किंवा पाणीकपात होती का, शेजारच्या सोसायटीत काय मिळते, बैठ्या चाळीत काय मिळते, हे पाहिल्याशिवाय एका सोसायटीच्या आकड्यावरून शहराविषयी काही म्हणता येत नाही. सोसायटीचे सचिव सांगतात ते आणि टँकरवाला सांगतो ते, दोन्ही ऐकायचे, पण दोघांचाही यात आपापला हितसंबंध आहे हे ध्यानात ठेवूनच.

तिसरे पाऊल पार्श्वभूमीचे. शहराचे पाणी मुख्यतः मावळातील पवना धरणातून नदीत सुटते, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते आणि निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध होते. अलीकडे इंद्रायणीवर निघोजे येथे उचललेले पाणी चिखलीच्या केंद्रातही शुद्ध केले जाते. धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना होती. तिला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला, ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तिघांचा मृत्यू झाला आणि योजना वर्षानुवर्षे रखडली. हे वाचल्यावर विद्यार्थ्याला कळते की, सोसायटीच्या टाकीतील पाण्याच्या दुसऱ्या टोकाला एक शेतकरी उभा आहे आणि त्याचे म्हणणे न ऐकता लिहिलेली पाण्याची बातमी अर्धीच राहते. शाळकरी मुलाला एका सुट्टीत एवढे कळले, तरी कार्यक्रम सार्थकी लागला असे म्हणावे.

चौथे पाऊल समोरच्या बाजूचे उत्तर घेण्याचे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील पाणीपुरवठा विभागाला लेखी प्रश्न द्यावेत, उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी आणि आलेले उत्तर न छाटता अर्थ राहील असे छापावे. उत्तर न आल्यास ‘प्रश्न दिले होते, उत्तर मिळाले नाही’ एवढेच लिहावे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा येथे उपयोगी पडतो. तो नागरिकाला अधिकार देतो आणि त्यासाठी वयाची अट घालत नाही; महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क असते, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ही मुदत जवळजवळ अख्खी सुट्टी खाऊन टाकते, म्हणून अर्ज सुट्टी सुरू होण्याआधीच गेला पाहिजे. अर्ज पालकांच्या माहितीने करावा हे सांगायला नको.

शेवटचे पाऊल संपादनाचे, आणि शाळांमध्ये सर्वांत दुर्लक्षित तेच आहे. शिक्षक शुद्धलेखन तपासतात. संपादक विचारतो की हे कशावरून. प्रत्येक वाक्यासमोर समासात त्याचा आधार लिहायला लावला, म्हणजे ‘मीटरची वही’, ‘सचिवांची मुलाखत’, ‘महापालिकेचे पत्र’ असे, तर निराधार वाक्ये आपोआप उघडी पडतात. ती काढून टाकताना मुलांना वाईट वाटते, कारण बहुधा तीच सर्वांत नटवलेली असतात. पण बातमीदार तयार होतो तो याच खाडाखोडीतून.

५. बातम्यांनी भरलेला पट्टा

पुण्यामुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांजवळ राहणारी मुलेच नशीबवान, असा एक समज आहे. प्रत्यक्षात शिकाऊ बातमीदाराला पिंपरी ते चाकण या पट्ट्याइतका संपन्न भाग शोधूनही सापडणार नाही. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषध कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी खेड तालुक्यात चाकणपर्यंत सरकली आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव मोटारींच्या कारखान्यांचे झाले. एका माणसाच्या हयातीत घडलेला हा बदल सांगणारी माणसे अजून गावागावांत आहेत. जमीन विकलेले शेतकरी, निवृत्त कामगार, पहिल्या चाळींतून राहिलेल्या स्त्रिया यांच्या मुलाखती हा विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीचा उत्तम विषय ठरतो, कारण त्यात घाई नसते आणि धोकाही नसतो.

त्यापुढचा विषय रस्त्याचा. पुणे-नाशिक महामार्गावरील चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी कोंडी होते हे सर्वांना माहीत आहे; पण पंधरा मिनिटांत किती कंटेनर, किती कंपन्यांच्या बस, किती दुचाकी जातात, हे सुरक्षित अंतरावरून मोजून तीन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे ताडून पाहिले, तर कोंडीविषयीच्या तक्रारीची बातमी होते.

कंपन्यांकडून येणारी प्रेसनोट, म्हणजे संस्थेने स्वतःच लिहून पाठवलेली बातमी, हाही मोठा धडा आहे. एखाद्या कंपनीने अमुक टेकडीवर पाचशे झाडे लावली अशी प्रेसनोट पावसाळ्यात येते आणि बहुतेक ठिकाणी जशीच्या तशी छापली जाते. पुढच्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन जगलेली झाडे मोजली, तर ती झाडे वाढली असोत वा वाळली असोत, दोन्ही प्रकारे ती खरी बातमी असते.

इंद्रायणीवर आळंदीजवळ अधूनमधून पांढरा फेस दिसतो तेव्हा मात्र विद्यार्थ्यांना आवरावे लागते. फेस पाहिला हे निरीक्षण झाले; तो अमुक कारखान्यामुळे आला हा निष्कर्ष झाला. निष्कर्षासाठी पाण्याची तपासणी लागते, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अहवाल लागतात, घरगुती सांडपाण्याचा वाटा किती हेही पाहावे लागते. निरीक्षण आणि निष्कर्ष यांमधील अंतर ज्याला पंधराव्या वर्षी कळले, तो पुढे पत्रकार झाला नाही तरी समाजमाध्यमांवरील अफवांना सहसा बळी पडत नाही.

या पट्ट्यातील मुलांकडे आणखी एक बळ आहे, ज्याची किंमत शाळांनी अजून ओळखलेली नाही. येथील वर्गांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या कुटुंबांची मुले शेजारी शेजारी बसतात. ज्या विद्यार्थिनीच्या घरी भोजपुरी बोलली जाते, ती तळवड्यातल्या कामगाराच्या खोलीवर जे ऐकू शकते, ते अनुभवी बातमीदारालाही ऐकू येत नाही. घरची बोली ही शाळेत लपवायची गोष्ट राहिलेली आहे. बातमीदारीच्या वर्गात ती सर्वांत मोठी पात्रता ठरावी.

६. अठराच्या आत

अल्पवयीन बातमीदाराच्या बाबतीत कायदा दोन बाजूंनी येतो: त्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी आणि तो ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्या संरक्षणासाठी. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे आणि चौदा ते अठरा या वयात धोकादायक कामांना बंदी आहे. म्हणून शाळकरी मुलाची इंटर्नशिप शिक्षणाच्या स्वरूपाचीच असली पाहिजे. कचेरीतील रिकामी खुर्ची भरून काढण्यासाठी मुलाला बसवणे योग्य नाही. कारखान्याच्या आत, अपघातस्थळी, मोर्चात, नदीच्या पात्रात किंवा दिवस मावळल्यावर एकट्याने जाणे कार्यक्रमाच्या नियमांतच बंद असावे.

दुसऱ्या बाजूला, बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणि पोक्सो कायद्याचे कलम २३ यांनुसार कायद्याच्या प्रक्रियेत सापडलेल्या किंवा अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. नावच नव्हे, शाळा, पत्ता, छायाचित्र, नातेवाईक यांवरूनही ओळख पटू देता कामा नये. शाळेच्या भित्तिपत्रकावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटातही हे पथ्य पाळायचे. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, त्यामुळे कोणावर आरोप करणारा मजकूर जबाबदार प्रौढ संपादकाने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ नये. हे ऐकून मुलांनी घाबरून मिळमिळीत लिहावे असा मात्र हेतू नाही. कागद हाती असलेल्या बातमीदाराला कायदा आधारच देतो.

७. पैसे, प्रमाणपत्र आणि प्रेस कार्ड

सुट्टी जवळ आली की ‘जर्नालिझम इंटर्नशिप, घरबसल्या, प्रमाणपत्रासह’ अशा जाहिराती फिरू लागतात. त्यांची पारख करायला तीन प्रश्न पुरतात. विद्यार्थ्याने लिहिलेले कोण वाचणार आणि त्यावर शेरे देऊन ते परत करणार का? किमान एकदा तरी घराबाहेर पडून, माणसांना भेटून बातमी आणावी लागणार का? आणि शेवटी विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्राखेरीज काय राहणार? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पुढचे विचारण्याची गरज नाही. लेख इतरांना पाठवून ‘लाइक’ मिळवायला लावणारे, किंवा सभासद आणि जाहिराती आणायला लावणारे कार्यक्रम शिक्षणाचे नव्हेत, विक्रीचे असतात.

प्रेस कार्डाविषयी तर स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पत्रकारांना शासनमान्यता देणारी अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या पत्रकारांनाच मिळते. पैसे घेऊन शाळकरी मुलाच्या गळ्यात ‘प्रेस’ लिहिलेले ओळखपत्र घालणारी संस्था त्याला कोणताही अधिकार देत नाही, उलट बातमीदार म्हणजे टोलनाक्यावर आणि पोलिसांपुढे वापरायची सवलत, असा चुकीचा धडा देते. पालकांनी असे कार्ड घरात येऊ देऊ नये.

विश्वासाने पाहावेत असे मार्ग थोडे आहेत, पण आहेत. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळाचा, म्हणजे ‘पारी’चा, शिक्षण विभाग शाळा-महाविद्यालयांबरोबर काम करतो, विद्यार्थ्यांनी केलेले वार्तांकन संपादकांच्या मार्गदर्शनाखाली प्रसिद्ध करतो, आणि पारीचे लेख मराठीतही वाचायला मिळतात. चाकण, शेलपिंपळगाव, वाडा या बाजूच्या विद्यार्थ्यांना आपल्या गावाविषयी लिहायला ही जागा फार योग्य आहे. दिल्लीत ‘चेतना’ या संस्थेच्या मदतीने २००३ पासून निघणारे ‘बालकनामा’ हे वृत्तपत्र रस्त्यावरची आणि कष्टकरी मुले स्वतः चालवतात. मुलांनी मुलांविषयी लिहायचे तर नजर कशी असावी, याचा तो वस्तुपाठ आहे. अकरावी-बारावीत हा विषयच घ्यायचा असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे उच्च माध्यमिक स्तरावर जनसंचार हा विषय आहे.

स्थानिक वृत्तपत्राला किंवा पोर्टलला थेट पत्र लिहिण्यातही संकोच बाळगू नये. त्या पत्रात ‘मला लहानपणापासून पत्रकारितेची आवड आहे’ हे वाक्य नसले तरी चालते. त्याऐवजी विद्यार्थी कोणत्या भागात राहतो, त्या भागातील अद्याप न आलेल्या तीन बातम्या कोणत्या, आणि त्यांपैकी एकीसाठी त्याने आतापर्यंत काय जमवले आहे, हे एका पानात असावे आणि सोबत पालकांचे संमतिपत्र जोडावे. पूर्ण महिनाभर बसू देणे संपादकाला जमत नसले, तरी असे पत्र लिहिणाऱ्याची एक बातमी तपासून देण्याइतका वेळ बहुतेक संपादक काढतात.

८. शाळेने करावयाचे काम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीतही कामाच्या अनुभवाच्या संधी द्याव्यात असे म्हटले आहे. या पट्ट्यातील शाळा या तरतुदीचा अर्थ सहसा कारखान्याची सहल असा लावतात. त्यातले काही दिवस बातमीदारीला दिले, तर वेगळा निधी लागत नाही. दहा-बारा विद्यार्थी, एक भाषाशिक्षक, एक गणित किंवा भूगोलाचा शिक्षक, तीन आठवडे आणि एकच विषय एवढे पुरते. विषय शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरातला असावा. पहिल्या आठवड्यात निरीक्षण आणि मोजणी, दुसऱ्यात मुलाखती आणि कागद, तिसऱ्यात लेखन आणि संपादन असे काम चालावे, आणि शेवटी चार पानांचे हस्तलिखित किंवा भित्तिपत्रक तयार होऊन ते शाळेच्या दारात, वस्तीतील लोक वाचू शकतील अशा ठिकाणी लागावे. ज्यांच्याविषयी लिहिले ती माणसे ते वाचणार आहेत, ही जाणीव मुलांना जितकी जपून लिहायला लावते, तितके कोणतेही व्याख्यान लावत नाही. चूक निघाली, तर दुरुस्ती त्याच भिंतीवर, तेवढ्याच ठळक अक्षरात लावावी.

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी हे काम आधी हाती घ्यावे, कारण तिथल्या मुलांना महागड्या उन्हाळी वर्गांचा मार्ग बंद आहे आणि सांगण्यासारख्या बातम्या त्यांच्याच वस्त्यांत जास्त आहेत. पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगावातील संपादकांनी व बातमीदारांनी येत्या मे महिन्यात जवळच्या एका शाळेला आठवड्यातून एक दुपार द्यावी. कचेरीत त्या वेळी तसेही फारसे कोणी नसते, आणि मुलांच्या वहीतील प्रत्येक वाक्यासमोर ‘हे कशावरून?’ असे लिहायला एक दुपार पुरेशी आहे.